मोज्यांचा ससा, ज्वारीची ऊब

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की मराठवाड्याच्या पठारावर थंडीची चाहूल लागते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसलेले आहे. दिवसा येथे ऊन चांगलेच जाणवते. परंतु कोरड्या हवेमुळे सूर्यास्तानंतर गारवा झपाट्याने वाढतो. डिसेंबर-जानेवारीत चिकलठाणा वेधशाळेत नोंदले जाणारे किमान तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि उत्तरेकडून शीतलहर आली की ते त्याहूनही खाली जाते. आपली घरे मात्र उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. शहाबादी फरशी पहाटे पायाला चटका देईल इतकी गार पडते आणि खोली उबदार ठेवण्याची कोणतीही सोय घरात नसते. अशा वेळी सर्वाधिक त्रास होतो तो लहान मुलांना आणि वृद्धांना.

यावरचा आपल्याकडील जुना उपाय म्हणजे शेक. हाच शेक लहान मुलांनाही हवाहवासा वाटावा अशा रूपात घरच्या घरी कसा तयार करता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे. जोडीतला एक हरवल्यामुळे कपाटात पडून राहिलेले पायमोजे, पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा आणि मूठ-दोन मूठ ज्वारी एवढ्या साहित्यातून गरम करता येणारा ससा शिवता येतो. शिवणकाम अगदी साधे आहे. काळजी घ्यायची ती तापवताना. लहान मुलाची कातडी नाजूक असते आणि निष्काळजीपणे तापवलेले धान्य पेटूही शकते. म्हणून कृतीइतकेच महत्त्व या लेखात सुरक्षिततेला दिले आहे.

पुरचुंडीची परंपरा

धान्य किंवा मीठ फडक्यात बांधून, गरम करून शेक घेणे हे आपल्याला नवे नाही. कान ठणकला की मिठाची पुरचुंडी, सर्दी झाली की ओव्याची, कंबर धरली की वाळूची, हे उपचार बहुतेक मराठी घरांनी पाहिलेले आहेत. बाळंतिणीच्या खोलीतील शेकशेगडी तर शहरातही अगदी अलीकडेपर्यंत पेटत असे. नवजात बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवण्याची चाल होती. म्हणजे धान्याचे दाणे कापडात शिवून ते अंगाच्या आकाराप्रमाणे बसू देणे ही कल्पनाही आपल्याच घरातली आहे.

आयुर्वेदाने शेकाला ‘स्वेदन’ असे नाव देऊन त्याचे शास्त्रच केले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय या विषयाला वाहिलेला असून त्यात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिला ‘संकर’ स्वेद म्हणजे गरम द्रव्यांचा गोळा कापडात गुंडाळून किंवा तसाच अंगावर फिरवणे. त्यासाठी तीळ, उडीद, कुळीथ अशी घरातली धान्ये सांगितलेली आहेत.

युरोपातही अशीच परंपरा आढळते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये चेरीच्या फळांतून उरलेल्या बिया धुऊन, वाळवून कापडी पिशवीत भरल्या जात आणि ती पिशवी चुलीवरच्या भट्टीत गरम करून अंथरुणात घेतली जाई. पुढे घरोघरी मायक्रोवेव्ह ओव्हन आले आणि या पिशव्यांना अस्वल, मेंढी, ससा अशी रूपे देऊन त्या खेळणी म्हणून बाजारात विकल्या जाऊ लागल्या.

मोज्यांपासून खेळणी करण्याचा इतिहास निराळा आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रॉकफर्ड येथील नेल्सन निटिंग कंपनी कामगारांसाठी जाडेभरडे मोजे विणत असे. १९३२ पासून या मोज्यांच्या टाचेला तांबडा रंग देण्यात येऊ लागला. आर्थिक मंदीचे ते दिवस होते. आयांनी झिजलेल्या मोज्यांपासून मुलांसाठी माकडे शिवली आणि तांबडी टाच माकडाचे तोंड झाली. हे माकड इतके लोकप्रिय झाले की १९५५ मध्ये कंपनीने त्याच्या आराखड्याचे पेटंट मिळवले आणि मोज्यांच्या प्रत्येक जोडीसोबत माकड शिवण्याची कृती देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे चिंध्यांची बाहुली आणि जुन्या लुगड्यांची गोधडी ज्या काटकसरीतून जन्माला आली, तीच ही काटकसर होय.

ज्वारीच का?

या कामासाठी तांदूळ, गहू किंवा ज्वारी यांपैकी कोणतेही कोरडे धान्य चालते. मराठवाड्यात ज्वारी सहज मिळते आणि तिचा दाणा गोल असल्याने तो टोचत नाही. गोल दाणे एकमेकांवरून घसरत असल्यामुळे पिशवी पोटाला, पाठीला किंवा पावलांना नीट चिकटून बसते. तांदळाला टोके असतात. पातळ कापडातून ती जाणवतात. चिंचोके चेरीच्या बियांसारखे कठीण असले तरी ते मोठे व कोपऱ्यांचे असल्यामुळे लहान मुलांच्या खेळण्यासाठी योग्य नाहीत. मोहरी, तीळ व जवस यांत तेल असते. वारंवार तापवल्याने ते खवट होते. मका तर मुळीच घेऊ नये, कारण लाह्या फुटण्याचा धोका असतो.

उष्णता साठवण्याच्या बाबतीत धान्य पाण्याची बरोबरी करू शकत नाही. समान वजनाचे पाणी आणि धान्य समान तापमानाला नेले, तर धान्यात साठणारी उष्णता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असते. तरीही धान्याचे दोन फायदे आहेत. दाण्यांमधील हवेमुळे आतील ऊब हळूहळू बाहेर येते आणि पिशवी उसवली तरी उकळते पाणी अंगावर सांडण्याची भीती नसते. रबरी पिशवीचे बूच सैल राहून मुले भाजण्याचा जो धोका असतो, तो येथे टळतो.

कोरड्या दिसणाऱ्या धान्यातही साधारणपणे १२ ते १४ टक्के ओलावा असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा आंदोलित होतात आणि मुख्यतः या ओलाव्यालाच तापवतात. शेक घेताना किंचित दमटपणा जाणवतो तो त्यामुळेच. मात्र प्रत्येक वेळी थोडा ओलावा उडून जातो. धान्य फार कोरडे पडले, तर पुढे त्याचे तापमान शंभर अंशांवर रोखून धरणारे काही उरत नाही आणि दाणे आतून करपू लागतात. हे लक्षात ठेवल्यास पुढे सांगितलेल्या सूचनांमागील कारण आपोआप उमगेल.

साहित्य

१. मोठ्या माणसाचे, पोटरीपर्यंत येणारे दोन सुती मोजे. ते एकाच जोडीतले असण्याची गरज नाही. टाच विरलेली नसावी.

२. आतील पिशवीसाठी मांजरपाट किंवा जुन्या सुती धोतराचे घट्ट विणीचे कापड, ३० सेंटीमीटर लांब व ३० सेंटीमीटर रुंद.

३. ज्वारी, सुमारे २०० ग्रॅम.

४. डोके भरण्यासाठी स्वच्छ पिंजलेला कापूस.

५. सुती दोरा, सुई, कात्री, खडू, टाचण्या आणि डोळे-नाक भरण्यासाठी काळा व गुलाबी भरतकामाचा दोरा.

आतील पिशवीचे कापड आणि दोरा शंभर टक्के सुतीच हवा. पॉलिएस्टर किंवा नायलॉन अति उष्णतेने वितळते आणि वितळलेला धागा कातडीला चिकटून बसतो. आपल्या भागातील वाचकांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. घरात पैठणीचा काठ, जरीचे खण किंवा जर असलेल्या हिमरूचे तुकडे असतात आणि सशाला शेला शिवावा असा मोह होतो. जर म्हणजे धातूचा धागा. मायक्रोवेव्हमध्ये त्यातून ठिणग्या उडतात. आतील पिशवीला जर, हुक, झिप, प्रेसबटण किंवा विसरलेली टाचणी यांपैकी काहीही असता कामा नये.

ज्वारी नेहमी खाण्यासाठी आणलेली वापरावी. शेतीशी नाते असलेल्या घरात पेरणीनंतर उरलेले बियाणे पडून असते. ते या कामाला कदापि घेऊ नये. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते आणि ओळखू यावे म्हणून बहुधा गुलाबी वा लाल रंग दिलेला असतो. कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या ठेवलेल्या कोठारातील धान्यही नको. ज्वारी निवडून, चाळून, दोन दिवस कडक उन्हात पसरावी. धुऊ नये, आत ओल राहिल्यास बुरशी धरते. सोंडे किंवा पोरकिडे यांची शंका असेल, तर उन्हात वाळवलेली ज्वारी हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पूर्ण कोरडी होऊ द्यावी.

आतील पिशवी

बाजारातील अनेक खेळणी अखंड गरम करावी लागतात. येथे सांगितलेल्या रचनेत धान्याची पिशवी वेगळी आहे आणि ससा हा केवळ तिचा अंगरखा आहे. गरम करायची ती फक्त पिशवी. मोज्यातील लवचिक धागा, भरलेला कापूस आणि भरतकाम ओव्हनमध्ये जातच नाही. सशाला हवा तेव्हा धुताही येतो.

कापड आधी धुऊन, खळ काढून, वाळवून घ्यावे. त्यातून शिवणीसह १२ सेंटीमीटर रुंद व १८ सेंटीमीटर लांब असे दोन तुकडे कापावेत. सुलट बाजू आत ठेवून तिन्ही कडांना एक सेंटीमीटर आत बारीक उलटी टीप घालावी आणि त्याच्या शेजारून दुसरी टीप घालावी. दुहेरी शिवणीत कंटाळा करू नये, कारण एक दाणाही बाहेर येता कामा नये. ज्वारीचा दाणा लहान मुलाच्या नाकात किंवा कानात जाण्याइतकाच असतो.

पिशवी उलटवून अर्धी ज्वारी भरावी, मधोमध आडवी टीप घालावी, उरलेली ज्वारी भरून तोंड दुमडून शिवावे. अशा दोन कप्प्यांमुळे सगळे धान्य एका टोकाला गोळा होत नाही. पिशवी दोन-तृतीयांशच भरावी. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी लागते आणि मधला भाग बाहेरच्या भागापेक्षा अधिक तापतो.

ज्या घरात मायक्रोवेव्ह नाही, तेथे धान्य कढईत गरम करून भरावे लागते. अशा वेळी दोन्ही तुकडे सहा सेंटीमीटर जास्त लांब घ्यावेत, मधली टीप घालू नये आणि तोंड शिवून बंद करण्याऐवजी सुती नाडीने घट्ट बांधून आत दुमडावे. तीन वर्षांखालील मुलांच्या घरात मात्र पूर्ण शिवलेली पिशवीच वापरावी.

ससा असा शिवावा

पहिला मोजा उलटा करून, टाच वरच्या बाजूला मधोमध येईल अशा रीतीने टेबलावर सपाट पसरावा. टाचेचा फुगीर भाग हे सशाचे तोंड, पोटरीचा भाग हे कान आणि तळव्यापासून बोटांपर्यंतचा भाग हे धड. वरची घट्ट इलॅस्टिकची पट्टी दोन सेंटीमीटर कापून टाकावी.

कान: पोटरीच्या भागावर मधोमध खडूने सरळ रेघ काढावी. तिच्या दोन्ही बाजूंना, टोकाला निमुळता होत जाणारा सुमारे दहा सेंटीमीटर लांबीचा एकेक कान आखावा. टाचेच्या वर किमान पाच-सहा सेंटीमीटर भाग डोक्यासाठी सोडावा. आखलेल्या रेघेवरून आधी टीप घालावी आणि मगच टिपेच्या बाहेर अर्धा सेंटीमीटर सोडून कापावे. मोज्याची वीण कापताच फासे सुटू लागतात, म्हणून ‘आधी शिवण, मग कात्री’ हा क्रम येथे पाळावा.

पाठ: मोजा पालथा करून धडाच्या मागच्या बाजूला मधोमध दहा सेंटीमीटर लांबीची उभी रेघ आखावी. तिच्या दोन्ही बाजूंनी बारीक धावदोरा घालून मगच ती चिरावी. या चिरेतून मोजा सुलट करावा. चिरेच्या कडा आत दुमडून हातशिलाई करावी. दुसऱ्या मोज्याच्या पायाच्या भागातून १२ सेंटीमीटर लांब व सहा सेंटीमीटर रुंद पट्टी कापून तिच्या कडा दुमडून शिवाव्यात. ती चिरेच्या आतून एका बाजूला शिवून टाकावी. उशीच्या अभ्र्याप्रमाणे ही पट्टी आतील पिशवी झाकून ठेवते आणि बटणाची गरज पडत नाही.

डोके: चिरेतून कापूस घालून टाचेचा भाग गोल भरावा. कानांत कापूस भरू नये. ते लोंबतेच छान दिसतात. टाचेच्या खाली, मानेच्या जागी भोवताली दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालावा, तो ओढून घट्ट करावा आणि चार-पाच टाके मारून पक्की गाठ द्यावी. म्हणजे धान्याची पिशवी डोक्यात सरकणार नाही.

हात आणि शेपटी: दुसऱ्या मोज्याच्या पोटरीच्या भागातून बोटाएवढ्या दोन नळ्या शिवून, उलटवून, थोडा कापूस भरून मानेखाली दोन्ही बाजूंना टाचाव्यात. बोटांच्या भागातून वाटीएवढे वर्तुळ कापून, कडेने धावदोरा घालून ओढले आणि आत कापूस भरला की शेपटी तयार होते.

चेहरा: डोळे आणि नाक दोऱ्यानेच भरावेत. डोळ्यांसाठी भरीव टाका आणि ओठांसाठी उलटी टीप पुरेशी होते. मणी, बटणे, टिकल्या किंवा बाजारात मिळणारे हलणारे डोळे लावू नयेत. लहान मूल ते ओढून काढते आणि तोंडात घालते. श्वासनलिकेत अडकल्यास प्राणावर बेतू शकते. गळ्यात बांधलेली लांब रिबीनही याच कारणासाठी टाळावी.

शेवटी प्रत्येक जोड जोर लावून ओढून पाहावा. मोठ्या माणसाच्या हाताने उसवेल ते मुलाच्या हाती देण्यायोग्य नव्हे.

तापवण्याची रीत

मायक्रोवेव्हमध्ये: पिशवी सशातून बाहेर काढावी. फिरणारी काचेची तबकडी स्वच्छ असावी. तेलाचा थेंब पडलेला असल्यास तेवढ्याच जागी कापड करपू शकते. मध्यम शक्तीवर ३० सेकंद तापवावे. बाहेर काढून दाणे चांगले हलवावेत. ओव्हनमध्ये उष्णता सर्वत्र सारखी पोहोचत नाही. बाहेरून कोमट लागणाऱ्या पिशवीच्या पोटात एखादा भाग फार गरम असू शकतो. गरज वाटल्यास पुन्हा दहा-दहा सेकंद तापवून दर वेळी हलवावे. २०० ग्रॅम ज्वारीला एकूण मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही. ओव्हन चालू असताना तेथून हलू नये.

गॅसवर: ज्वारी कोरड्या जाड कढईत मंद आचेवर सतत परतावी. हाताला सुखद गरम लागताच आच बंद करावी आणि दाणे ताटात पसरून दोन मिनिटांनी पिशवीत भरावेत. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडणाऱ्या घरांना वेगळी खूण सांगायला नको. कढईत एखादी जरी लाही फुटली, तरी ज्वारी शेकासाठी कितीतरी अधिक तापली आहे असे समजावे आणि ती पूर्ण निवू द्यावी. शिवलेली पिशवी थेट तव्यावर किंवा ज्योतीवर धरू नये. शिवलेली पिशवी मायक्रोवेव्हविना गरम करायची असेल, तर ती झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात घालावी आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावा. यास वेळ लागतो. पण धान्य करपण्याची भीती राहत नाही.

एकदा गरम केलेली पिशवी पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा तापवू नये. आधीच गरम असलेल्या दाण्यांत नवी उष्णता साठत जाते आणि मधला भाग करपू लागतो. त्यातच ती पिशवी गोधडीत गुंडाळून ठेवली, तर उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि काही वेळाने ती धुमसू लागते. परदेशांत धान्याच्या पिशव्यांमुळे लागलेल्या आगींमागे हेच प्रमुख कारण आढळले आहे. ब्रिटनमध्ये अशा उत्पादनांसाठी २००४ मध्ये बीएस ८४३३ हे स्वतंत्र मानक तयार करण्यात आले. घरी केलेल्या पिशवीला मानकाचा शिक्का नसतो. तिथे शिवणाऱ्याची सावधगिरी हाच शिक्का.

किती गरम असावे?

मोठ्यांच्या हाताला जे कोमट वाटते ते मुलाला चटका देऊ शकते. कातडी भाजणे हे तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रौढ व्यक्तीच्या कातडीला ६० अंश सेल्सिअसला सुमारे पाच सेकंदांत, ४९ अंशांना नऊ-दहा मिनिटांत, तर ४४ अंशांना सुमारे सहा तासांत इजा होते. यातील शेवटचा आकडा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या उबेचा चटका मुळीच जाणवत नाही, तीही रात्रभर एकाच जागी राहिली तर भाजते. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ असल्याने त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो.

म्हणून पिशवी तापवल्यावर दोन मिनिटे ठेवावी, पुन्हा हलवावी आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला पूर्ण एक मिनिट धरून पाहावी. मिनिटभरात हात काढून घ्यावासा वाटला, तर ती मुलाला द्यायची नाही. स्वयंपाकघरातील तापमापक असल्यास तो दाण्यांच्या मधोमध खुपसल्यासारखा दाबून धरावा. ४५ अंशांच्या पुढे पारा जाऊ नये. त्यानंतरच पिशवी सशात घालावी. शेक पंधरा-वीस मिनिटे पुरे. मूल झोपी गेले की पिशवी काढून घ्यावी आणि रिकामा ससा त्याच्या कुशीत राहू द्यावा. पिशवी वेगळी ठेवण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

कोणाला देऊ नये

एक वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागेत मऊ खेळणी, उशा ठेवू नयेत असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ससाही त्याला अपवाद नाही. शिवाय तान्हे बाळ चटका बसला तरी स्वतः बाजूला सरकू शकत नाही. बोलू न शकणाऱ्या किंवा हालचाल करू न शकणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला हेच लागू होते.

मधुमेह असलेल्या अनेक वृद्धांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते. थंडीत पाय गार पडले म्हणून ते शेक घेतात, भाजल्याचे कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही. अशांनी पावलांना शेक देऊच नये. लोकरी मोजे घालावेत.

पोटदुखीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. वात धरला म्हणून शेकत बसलेल्या मुलाचे दुखणे अपेंडिक्सचेही असू शकते. दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली सरकत असेल, सोबत उलट्या किंवा ताप असेल, पोटाला हात लावू देत नसेल, तर शेक थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. शेकाने दुखणे काही काळ हलके वाटते आणि मोलाचा वेळ जातो. ताप असताना, कानातून पाणी येत असताना, ताज्या मुरगळीवर किंवा सुजेवर आणि बाम चोळलेल्या कातडीवरही शेक देऊ नये.

तरीही भाजलेच, तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. फोड आले असल्यास किंवा मूल लहान असल्यास रुग्णालयात न्यावे.

निगा

सशाचे मोजे कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवावेत. धान्याची पिशवी मात्र धुऊ नये. पिशवी ओली झाली, तर ज्वारी फेकून द्यावी आणि नवी भरावी. वापर नसताना पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी. उंदीर आणि मुंग्यांना आत काय आहे हे लगेच कळते. भाजल्याचा वास येऊ लागणे, दाणे तपकिरी पडणे, पिशवी हातात हलकी वाटणे किंवा कापडावर डाग दिसणे यांपैकी काहीही आढळले, की ते धान्य टाकून द्यावे. रोज वापर असल्यास दर हिवाळ्याच्या सुरुवातीला ज्वारी बदलणे चांगले. पिशवीवर कोपऱ्यात ती भरल्याची तारीख दोऱ्याने भरून ठेवल्यास विस्मरण होत नाही. वापरलेली ज्वारी खाण्यासाठी किंवा पक्ष्यांसाठी न वापरता मातीत मिसळावी.

उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सशाला सुट्टी द्यायचे कारण नाही. हीच पिशवी प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवावी आणि सशात घालावी. पडून आलेल्या टेंगळावर बर्फापेक्षा हा गारवा मुले अधिक आनंदाने सहन करतात. नंतर पिशवी उन्हात सुकवून मगच डब्यात ठेवावी.

एक ससा शिवायला सवयीच्या हाताला दोन तास आणि नवख्याला एक दुपार लागते. आठ-दहा वर्षांची मुले धावदोरा सहज घालू शकतात. धाकट्या भावंडासाठी किंवा आजीसाठी ससा शिवणे हा त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतील चांगला उद्योग ठरेल. कात्री, सुई आणि तापवण्याचे काम मात्र मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

शेकाने आजार बरा होत नाही. आखडलेले स्नायू सैल होतात, गार पडलेल्या अंगाला ऊब मिळते आणि कोणीतरी आपली काळजी घेत आहे हे मुलाला जाणवते. थंडीच्या रात्री एवढे मिळाले तरी झोप लवकर लागते.